परीक्षा पन्नास पौंडांची, क्विझ दोन पौंडांची

ब्रिटनमध्ये कायमचं राहायचं असेल किंवा इथलं नागरिकत्व हवं असेल, तर 18 ते 64 वयाच्या माणसाला 'लाइफ इन द यूके' नावाची एक परीक्षा द्यावी लागते. संगणकासमोर बसून 24 प्रश्न, वेळ 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. फी 50 पौंड. प्रश्न एका सरकारी पुस्तिकेतून येतात आणि उत्तरं पर्यायांतून निवडायची असतात. ज्यानं उमेदीची वर्षं गाइड, अपेक्षित प्रश्नसंच आणि क्लासच्या नोट्स यांच्यावर काढली, त्या मराठी माणसाला ही परीक्षा म्हणजे डाव्या हाताचा मळ. एखाद-दुसरा वीकेंड पुस्तिका घोकायची, ऑनलाइन सराव परीक्षा द्यायच्या, पासचा कागद जपून फायलीत ठेवायचा आणि आठवड्याभरात आठव्या हेन्रीच्या सहा बायकांचा क्रम विसरून जायचा. मीही तेच केलं.

ही परीक्षा 2005 मध्ये सुरू झाली, आणि सध्या जी पुस्तिका चालते ती 2013 ची. डरहॅम विद्यापीठातले प्राध्यापक थॉम ब्रुक्स हे मूळचे अमेरिकन. त्यांनी स्वतः ही परीक्षा दिली, नागरिकत्व घेतलं आणि 2013 मध्येच एक अहवाल लिहून तिचे वाभाडे काढले. लंडन आयची उंची पुस्तिकेत आहे, लंडनमधलं पहिलं भारतीय खाणावळघर शेख दीन महंमदनं 1810 मध्ये काढलं हेही आहे. पण अँब्युलन्स कशी बोलवायची, डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं ही आधीच्या आवृत्तीतली कामाची माहिती मात्र गाळलेली. या सगळ्याला ब्रुक्स यांनी एक विशेषण लावलं ते पुढे वर्तमानपत्रांनी उचलून धरलं: ही परीक्षा म्हणजे वाईट पब क्विझ, म्हणजे पबात रंगणारी प्रश्नमंजुषा, आहे.

त्यांचं बाकी सगळं मला मान्य आहे. तक्रार आहे ती या तुलनेबद्दल, कारण तिच्यात पब क्विझवर अन्याय होतो. नवख्या माणसाला या देशात सामावून घेण्याचं जे काम त्या परीक्षेकडून होईल असं सरकारला वाटतं, ते काम प्रत्यक्षात गल्लीच्या टोकाच्या पबात आठवड्यातून एका रात्री होतं. आणि ती क्विझ परीक्षेसारखी अजिबात नसते म्हणूनच ते होतं. सरकारनं ती परीक्षा तरी बंद करावी, नाहीतर कामाच्या चार गोष्टींपुरती ठेवावी, आणि क्विझ ज्या जागी होते त्या जागा मरू देऊ नयेत. आपल्या लोकांनीही तिथे जावं. एवढंच मला म्हणायचं आहे, पण त्यात अडचणी बऱ्याच आहेत.

पुण्या-मुंबईत पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत, दारावर बाउन्सर आणि हजारांतलं बिल डोळ्यांसमोर येतं. इथला लोकल पब याच्या उलट. विरलेलं कार्पेट, बाकाखाली कोणाचं तरी म्हातारं कुत्रं, एक पिंट दीड तास पुरवणारे पेन्शनर. शुक्रवार-शनिवार सोडले तर गर्दी बेताची. याच सुन्या रात्री भरून काढण्यासाठी क्विझ आली. शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी 1970 च्या दशकात दक्षिण इंग्लंडमधल्या पबांना तयार प्रश्नसंच पुरवायला सुरुवात केली. आरंभी तिसेक टीम होत्या, त्यांच्या 10 हजार झाल्या. 2009 च्या एका पाहणीत देशभरात दर आठवड्याला होणाऱ्या पब क्विझचा आकडा 22 हजारांच्या वर निघाला. यात समाजसेवा कोणाच्याच मनात नव्हती. मंगळवारी रिकाम्या राहणाऱ्या टेबलांवर तीस-चाळीस माणसं अडीच तास बसली, तर क्विझमास्टरचं मानधन आणि बक्षिसाची बाटली वजा जाता गल्ल्यात काही उरतं, हा मालकाचा साधा हिशेब. मला हे फार आवडतं. इथे येणाऱ्याला कोणी सुधारायला बसलेलं नाही, त्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायला बसलेलं नाही, आणि 'विविधतेचा उत्सव' असा फलकही नाही.

आमच्याकडे माणशी दोन पौंड घेतात आणि टीम जास्तीत जास्त सहा जणांची. टीमचं नाव म्हणजे शक्यतो पांचट कोटी. जितकी पांचट तितका टाळ्यांचा मान. आधी चित्रफेरीचा कागद हातात येतो. त्यावर दहा नामवंतांचे चेहरे, आणि झेरॉक्स अशी की माजी पंतप्रधान कोण नि पॉपगायक कोण, कळू नये. मग सामान्य ज्ञान, भूगोल, खेळ, गाण्यांची फेरी. प्रत्येक टीमला एक जोकर. तो ज्या फेरीवर लावाल तिचे गुण दुप्पट. मध्यंतरात चिप्सच्या टोपल्या फिरतात. शेवटी बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न, ज्याचा अंदाज जवळचा तो जिंकला.

या सगळ्यात सगळ्यांत महत्त्वाची रीत म्हणजे उत्तरपत्रिका शेजारच्या टेबलाला तपासायला देणं. बाहेरून बघणाऱ्याला हा क्विझमास्टरचा आळस वाटेल. पण ज्या देशात ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी तासभरात एक शब्द बोलणं हा आगाऊपणा समजला जातो, तिथे अनोळखी टेबलाकडे वळून "हे तुमचं सात आहे की एक?" असं विचारायचा परवाना या रीतीनं मिळतो. आडनाव बरोबर, पहिलं नाव चूक. अर्धा गुण द्यायचा का? मग दोन टेबलांत घासाघीस होते, क्विझमास्टरकडे दाद मागितली जाते, तो माइकवरून निकाल देतो, कोणीतरी "अन्याय!" म्हणून ओरडतं. पुढच्या आठवड्यात तीच माणसं बारपाशी भेटली की ओळखीचं हसतात. तपासणी काटेकोर करणारी टेबलं आणि उदार टेबलं सगळ्यांना ठाऊक असतात, आणि आपण उदारांच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून लोक लवकरही येतात.

गेल्या उन्हाळ्यातली एक फेरी सांगतो. प्रश्न असा होता: 1975 च्या पहिल्या क्रिकेट विश्वचषकात लॉर्ड्सवर पूर्ण 60 षटकं खेळून 36 धावांवर नाबाद राहिलेला सलामीवीर कोण? आमच्या टेबलावर मी, एक निवृत्त बसड्रायव्हर, त्याची बहीण आणि शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक मुलगी. तिघांच्या माना माझ्याकडे वळल्या. सुनील गावसकरच्या बाकी कुठल्याही खेळीवर मी रात्रभर बोललो असतो. पण इंग्लंडनं 334 केलेल्या असताना 174 चेंडूंत 36, ही गोष्ट मराठी माणूस चारचौघांत सहसा काढत नाही. मी मान खाली घालून नाव लिहिलं. बसड्रायव्हर म्हणाला, तो सामना वडिलांबरोबर बघितला होता आणि वडील टीव्हीवर चिडून निघून गेले होते. पुढची फेरी सुरू होईपर्यंत आम्ही दोघं गावसकरनं असं का केलं असेल यावर वाद घालत होतो. तो प्रश्न आजवर कोणाला सुटलेला नाही, आम्हालाही सुटला नाही. नंतरच्या फेरीत लहान मुलांच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमावर पाच प्रश्न आले, तेव्हा माझा उपयोग टेबलाच्या पायाइतका होता.

आता हे त्या सरकारी परीक्षेशेजारी ठेवून बघा. तिथे मी एकटा. शेजाऱ्याशी बोललो तर ती कॉपी. तिथे मला तेच विचारतात जे इथल्या लोकांना माहीत असायला हवं असं सरकारला वाटतं (आमच्या टीमला मी एकदा सराव परीक्षेचे प्रश्न घातले, तेव्हा जन्मानं ब्रिटिश असलेल्या तिघांनाही धाप लागली, हा भाग वेगळा). मला जे येतं आणि त्यांना येत नाही, त्याची किंमत तिथे शून्य. पबातल्या टेबलावर मात्र त्याच गोष्टीला गुण आहेत. चार डोकी एकसारखी असतील तर टीम हरते, हे नेहमी येणाऱ्या प्रत्येकाला कळतं, म्हणून वेगळ्या डोक्याचा माणूस हवाच असतो. "तू मूळचा कुठला?" हा प्रश्न इथे कैक प्रकारे विचारला जातो आणि त्यातले काही प्रकार बोचतात. पण "दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या कुठल्या मतदारसंघातून निवडून आले?" याचं उत्तर हवं म्हणून कोणी तुमच्याकडे वळतं, तेव्हा तुमचं बाहेरचं असणं हे त्या टेबलाचं भांडवल असतं. (फिन्सबरी सेंट्रल. लक्षात ठेवा, येतो.)

शिवाय भाषा. इंग्रजी आपल्याला येते. पण हळू आवाजात, चार जणांत, एकमेकांना न दुखावता वाद घालायची इंग्रजी कुठल्या शाळेत शिकवतात? इंग्रज माणूस "मी चूकही असेन, पण..." अशी सुरुवात करतो तेव्हा त्याला उत्तर पक्कं माहीत असतं. आपला माणूस "शंभर टक्के!" म्हणतो तेव्हा साधारण साठ टक्के धरावेत. पेन ज्याच्या हातात त्याला दोघांचंही वजन ओळखता यावं लागतं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये हेच कळायला कित्येकांची वर्षं जातात आणि बढत्या हुकतात. पबात ते एका हिवाळ्यात जमतं, कारण पणाला लागलेला असतो तो फार तर एक गुण.

एवढं सगळं असेल तर आपले लोक तिथे का दिसत नाहीत? आमच्या ओळखीतल्या एका वहिनींसमोर मी हे पुराण लावलं, तर त्या म्हणाल्या, "अहो भावजी, मंगळवारी रात्री आठला? मुलांची शाळा, उद्याचे डबे, आणि मी पबात जाऊन बसू? सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर काय सांगू, कुठे आहे म्हणून?" यातला शेवटचा भाग हसण्यावारी नेता येतो, पहिला नाही. क्विझची वेळ ही संध्याकाळी मोकळा असणाऱ्या माणसाची वेळ आहे. ज्याला लहान मुलं आहेत, ज्याची केअर होममध्ये रात्रपाळी आहे, त्याच्यासाठी ती नाही. आणि आपल्याकडे नवरा-बायकोपैकी घरी कोण राहणार, हे न विचारताच ठरलेलं असतं. काही पब रविवारी दुपारी कुटुंबांसाठी क्विझ ठेवतात, मोठ्या माणसाबरोबर मुलांना येऊ देतात. अशा जास्त हव्यात, आणि मागितल्याशिवाय मालक ठेवणार नाही. त्याला मागणी कळते ती बारवर येऊन कोणी सांगितली तरच.

दारूचा मुद्दा त्याहून जड. जो माणूस श्रद्धेनं किंवा सवयीनं दारूच्या जागी पाऊल ठेवत नाही, त्याला "अरे, लेमोनेड घे" म्हणणं पुरेसं नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यांना केवळ संकोच आहे, त्यांच्यासाठी सांगतो: लेमोनेड किंवा चहा घेऊन बसणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही, आमच्या टीममधली ती मुलगी दारूला शिवतही नाही. क्विझला पिण्याची गरज नाही याचा मोठा पुरावा 2020 च्या टाळेबंदीत मिळाला. लँकाशरमधल्या डार्वेनचे जे फ्लिन हे एकेकाळी पब चालवायचे. त्यांनी आपल्या लोकल पबातल्या नेहमीच्या मंडळींसाठी फेसबुकवर क्विझ ठेवली, आणि ती सगळ्यांना खुली राहून गेली. बघता बघता लाखो लोक जोडले गेले. एप्रिलअखेरच्या एका क्विझला एकाच वेळी 1 लाख 82 हजारांवर प्रेक्षक होते आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. धर्मादाय संस्थांसाठी त्यांनी मोठी रक्कमही उभी केली. लोकांना बिअर हवी असती तर ती सुपरमार्केटात मिळतच होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दुसऱ्यांबरोबर डोकं खाजवायला मिळावं ही भूक होती. पण पडद्यावरच्या क्विझचा कंटाळाही लवकरच आला, हेही खरं. उत्तरपत्रिका शेजाऱ्याला द्यायची तर शेजारी लागतो.

पबबद्दल भाबडं होण्याचं मात्र कारण नाही. ज्या जागेला मी आज सर्वांची म्हणतो, ती साठ वर्षांपूर्वी माझ्यासारख्याची नव्हती. बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेदिकमध्ये ओतकाम कारखान्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांना पबाच्या चांगल्या खोलीत बसू देत नसत. काही ठिकाणी दारातच नाही म्हणत. अवतारसिंग जोहल या कामगार नेत्यानं तिथे एक युक्ती काढली. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तो एकामागून एक पबात जायचा. विद्यार्थ्यांना पेला मिळाला आणि याला नाकारला, की रंगभेद उघडा पडायचा. 1964 मध्ये ब्रिस्टॉलच्या बे हॉर्स पबात पॉल स्टीफनसन हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता "निघ" म्हटल्यावरही उठला नाही. त्याच्यावर खटला भरला गेला आणि तो देशभर गाजला. सार्वजनिक जागी वंशावरून कोणाला नाकारणं बेकायदा ठरवणारा पहिला कायदा 1965 चा. पुढे त्याच पट्ट्यात पंजाबी मालकांनी बंद पडत चाललेले पब घेतले. आज वेस्ट ब्रॉमिच-स्मेदिकचे 'देसी पब' प्रसिद्ध आहेत: डार्टबोर्डही तोच, फुटबॉलही तेच, आणि स्वयंपाकघरातून तंदुरी मिक्स ग्रिलचा वाफाळता तवा. पबचं दार आपण होऊन उघडलेलं नाही, ते कोणीतरी ढकलून उघडलं आहे. त्या लोकांनी कोर्टकचेऱ्या सोसून मिळवलेल्या खुर्चीवर आपण "आपल्याला नाही बुवा जमत तिथे" म्हणून बसायचं टाळतो, हे मला खटकतं.

प्रश्नांचा कल हा त्याच भेदभावाचा सौम्य अवशेष. 1980 च्या जाहिरातींची गाणी, कुठल्या फुटबॉल क्लबच्या नावात 'जे' हे अक्षर येतं (सेंट जॉन्स्टन, हा प्रश्न इतक्यांदा येतो की तो आता राष्ट्रगीतात घालावा), युरोव्हिजन या युरोपीय गाण्यांच्या स्पर्धेचे विजेते. पन्नाशीच्या गोऱ्या माणसाचं बालपण हाच सामान्य ज्ञानाचा अभ्यासक्रम धरलेला असतो. यावर उपाय समिती नेमून होणार नाही. आमच्याकडे बक्षिसाबरोबर एक रीत आहे: जिंकलेल्या टीमनं पुढच्या आठवड्याची एक फेरी काढायची. एका केनियन नर्सच्या टीमनं धावपटूंची फेरी काढली आणि अख्खा पब आडवा झाला. तक्रार कोणाचीच नव्हती. उलट पुढच्या आठवड्यात गंमत म्हणून दोघांनी मॅरेथॉनचे विक्रम पाठ करून आणले. हीच रीत इतर पबांनी घ्यावी, यासाठी कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

फोनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. खिशात सगळं जग असताना माहिती लक्षात ठेवायची कशाला? 2016 मध्ये होव्हच्या एका बारमालकानं भिंतीत चंदेरी वर्ख आणि छतात तांब्याची जाळी घालून मोबाइलचा सिग्नलच अडवला होता. सिग्नल बिघडवणारं यंत्र लावणं बेकायदा, जाळीला मात्र मनाई नाही. 2025 मध्ये मँचेस्टरजवळच्या उर्म्स्टनमधल्या एका पबात टेबलावरचे प्रश्न फोनमध्ये कुजबुजून उत्तरं काढणारे लोक पकडले गेले तर ती देशभराची बातमी झाली. या बातमीतच उत्तर आहे. ज्या जगात प्रत्येक कामात यंत्राची मदत घेतलेली चालते, तिथे एका वाइनच्या बाटलीसाठी केलेली लबाडी लोकांना इतकी झोंबली. कारण तिथे माहितीची उणीव कोणालाच नसते. आठवत असूनही ओठांवर न येणाऱ्या नावासाठी चौघांनी मिळून तळमळायचं, हाच तर खेळ. फोन काढणारा माणूस बाकीच्यांची ती तळमळ चोरतो.

आता मुद्दा सरकारचा. 2018 मध्ये ब्रिटननं एकाकीपणासाठी चक्क एक मंत्री नेमला. त्याच सुमारास, त्याआधी आणि त्यानंतरही, पब बंद पडत होते. 2000 च्या आसपास देशात 60 हजारांवर पब होते, आता 45 हजारांच्या घरात आहेत. कारणं अनेक: सुपरमार्केटातली स्वस्त दारू, 2007 ची इंग्लंडमधली धूम्रपानबंदी, करोना, वीजबिलं, व्यवसायकर, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे जागेचा भाव. चार फ्लॅट बसतील अशा कोपऱ्यावर लेमोनेड विकणं परवडत नाही. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांनी 2016 मध्ये दाखवलं की ज्यांचा ठरलेला लोकल पब आहे त्यांना जवळचे मित्र जास्त असतात. हा अभ्यास बिअरप्रेमींच्या संघटनेसाठी केलेला होता, तेव्हा तो मीठ लावूनच खावा. पण निष्कर्ष मंगळवारी रात्री डोळ्यांनी दिसतो.

कायदा अगदीच हातावर हात ठेवून बसलेला नाही. 2011 च्या कायद्यानं लोकांना एखादी इमारत 'समाजाची मालमत्ता' म्हणून नोंदवून घेता येते. मग ती विकायला निघाली तर स्थानिकांना पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. दक्षिण लंडनमधल्या ननहेडचा आयव्ही हाउस हा अशी नोंद झालेला पहिला पब. शेजाऱ्यांनी मिळून तो विकत घेतला, शेअर काढले आणि 2013 मध्ये सहकारी तत्त्वावर तो पुन्हा उघडला. सहकार म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारतील, आणि टवकारावेतच. इथे अजून तरी त्यातून कोणी आमदार झालेला नाही. 2017 पासून इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुसरं काही करायला रीतसर परवानगी लागते. चांगलंच आहे. पण हे सगळे कायदे भिंती वाचवतात. सहा महिन्यांत लाखो पौंड जमवणं हे वकील आणि बँकवाले राहतात त्या गल्लीला जमतं. गरीब वस्तीत, जिथे नवे लोक जास्त येतात, तिथे ते जमत नाही. गावोगावी असे पब विकत घ्यायला मदत करणारा 15 कोटी पौंडांचा सरकारी निधी 2021 मध्ये सुरू झाला होता, तो 2024 च्या डिसेंबरात बंद केला गेला. तो पुन्हा सुरू करावा, आणि पहिला हक्क अशा वस्त्यांना द्यावा.

दुसरीकडे गृहखात्याचं धोरण उलट्या दिशेला चाललं आहे. 2025 च्या मेमध्ये पंतप्रधान स्टार्मर म्हणाले की हा देश 'अनोळखी माणसांचं बेट' होण्याचा धोका आहे. नंतर ते शब्द वापरल्याचा त्यांना पश्चात्तापही झाला. त्याच वर्षी आलेल्या प्रस्तावांत कायम वास्तव्यासाठीची नेहमीची मुदत 5 वरून 10 वर्षांवर न्यायची, आणि समाजासाठी स्वयंसेवा वगैरे केली तर त्यात सूट द्यायची, असं मांडलेलं आहे. अनोळखी माणसं ओळखीची व्हावीत असं खरंच वाटत असेल तर माणसाला दहा वर्षं टांगणीला ठेवणं हा त्याचा मार्ग नव्हे. ज्याला आपण इथे राहणार की नाही हेच ठाऊक नाही, तो गल्लीतल्या टीममध्ये नाव का घालेल? आणि कृपा करून क्विझला या गुणांच्या हिशेबात घेऊ नका. ज्या दिवशी पबच्या मालकाला हजेरीपत्रकावर सही करावी लागेल, त्या दिवशी टेबलावर माणसं सरकारसाठी बसतील, आणि शेजारच्या टेबलाला ते लगेच कळेल.

आपल्या मंडळांशी या सगळ्याचं भांडण नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं, आणि गणपतीला मीही रांगेत उभा राहून मोदक खातो. पण मंडळात मला विचारतात ते "पुण्यात कुठे?" आणि "कुठल्या शाळेत?" त्यांची उत्तरं देताना मी आणखी पुणेकर होतो. त्यात वाईट काही नाही. फक्त गल्लीत चाळीस घरं आहेत आणि त्यांतली मराठी दोन. बाकीच्या अडतीसांपैकी कोणाशी कधी बोलायचं, हा प्रश्न मंडळ सोडवत नाही, ते त्याचं कामही नाही. मुलांना तो प्रश्न पडत नाही, कारण त्यांना शाळा आहे. तो पडतो चाळिशीत इथे आलेल्या, घरून काम करणाऱ्या माणसाला, आणि त्याहून जास्त मुलांकडे येऊन सहा-सहा महिने राहणाऱ्या आई-वडिलांना. रोज सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे हे आजोबा राजधान्या, नद्या आणि जुने क्रिकेट सामने यांवर कुठल्याही टीमला सोन्यासारखे आहेत.

जायचं असेल तर क्विझ साधारण आठला सुरू होते, साडेसातला पोचलात की टेबल मिळतं. टीम नसेल तर बारवर तसं सांगा. दोघा-तिघांच्या टीमला माणूस हवाच असतो आणि बारवाल्याला कोण अडलंय ते ठाऊक असतं. सुट्टे दोन पौंड जवळ ठेवा. पहिल्या रात्री पेन दुसऱ्याच्या हातात असू द्या. खात्रीचं उत्तर असेल तर एकदा सांगा, कोणी ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा, तिसऱ्यांदा नको. आणि जोकर फुटबॉलच्या फेरीवर लावायचा आग्रह कोणी धरला तर त्याला आधी विचारा, तो कुठल्या क्लबचा पाठीराखा आहे.